बुरशीचं विष, गाढवं आणि गाढविणीचं दूध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विदर्भात गाढवं पाळणाऱ्यांसाठी आहे. वीटभट्टीवर माती-विटा वाहणारे कुंभार आणि बेलदार, बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी कुटुंबं, दुधाच्या धंद्यासाठी अलीकडे गाढवं घेतलेले तरुण, सगळेच यात आले. लेकराला पाजायला चमचाभर दूध विकत घेणाऱ्या आईबापांनीही वाचावं, कारण शेवटी ते विष जाऊन पोहोचतं त्यांच्याच घरात.

बुरशीचं विष म्हणजे नेमकं काय?

धान्यावर किंवा चाऱ्यावर बुरशी वाढताना ती काही रसायनं सोडते. त्यातली काही जनावराला आणि माणसाला घातक असतात. आपल्या कामाची मुख्य दोन. पहिलं अफलाटॉक्सिन. ते अ‍ॅस्परजिलस जातीच्या पिवळट-हिरव्या बुरशीतून येतं, यकृत खराब करतं आणि दुधात उतरतं. दुसरं फ्युमोनिसिन. ते फ्युजेरियम बुरशीतून, मुख्यतः मक्यातून येतं आणि घोडा, गाढव, खेचर यांच्या मेंदूवर घाला घालतं.

अफलाटॉक्सिनच्या शोधाची सुरुवात 1960 साली इंग्लंडमध्ये झाली. तिथे एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले आणि कारण निघालं त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड. म्हणजे मूळ दोष ढेपेत होता. आपल्याकडे जनावराला ढेप घालताना हे ध्यानात असू द्या.

"गाढवाले काय होते, ते त काहीबी पचवते" असं आमच्या गावात म्हणतात. खरं आहे का?

नाही, आणि सगळं नुकसान याच समजुतीमुळे होतं. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं. चारा आधी मोठ्या पोटात आंबतो आणि तिथले सूक्ष्मजीव काही विषं तिथेच मोडून टाकतात. ओक्रॅटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटात बरंचसं असंच निकामी होतं. गाढवाचं तसं नाही. त्याचा चारा आंबतो तो आतड्याच्या शेवटच्या भागात. तिथे पोहोचायच्या आधीच लहान आतड्यातून विष रक्तात गेलेलं असतं. फ्युमोनिसिनच्या बाबतीत तर घोडा-गाढवाचं कूळ सगळ्या पाळीव जनावरांत सर्वात नाजूक आहे. बैल जो मका खाऊन तगेल, तोच गाढवाचा जीव घेऊ शकतो.

गाढव निकृष्ट चाऱ्यावर जगतं हे खरं आहे. जाडाभरडा, सुका, कमी कसाचा चारा त्याला मानवतो. सडका मानवत नाही. निकृष्ट आणि सडका यांतला फरक मालकाला कळला की अर्धं काम झालं.

आपल्याकडे हे विष येतं कुठून?

विदर्भात सोयाबीन आणि खरिपाची ज्वारी काढणीला येते नेमकी परतीच्या पावसाच्या तोंडावर. कणसं भरलेली असतात, वरून चार दिवस झड लागते आणि दाणा काळा पडतो. अशी ज्वारी मूठभर हातात घेऊन पाहा. दाण्याच्या टोकाशी राखी-काळा थर असतो, कुठे गुलाबी झाक असते, दाणा दाबला की पिठूळ फुटतो आणि बोटांना कोंदट, मातकट वास येतो. बाजारात तिला भाव नाही, घरात भाकरीला चालत नाही. मग ती जाते गाढवाच्या टोपल्यात.

ही ज्वारी माणसालाही सोडत नाही. 1995 साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारी आणि मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, तेव्हा त्यामागे फ्युमोनिसिन निघालं. त्याआधी 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीसुद्धा मेली.

दुसरी जागा म्हणजे कुटाराचा ढीग. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं कुटार उघड्यावर टाकलेलं असतं. वरचा थर उन्हाने वाळतो, त्यामुळे ढीग बाहेरून चांगला दिसतो. आत हात घातला की कोमट लागतं, हाताला ओल लागते, आणि तळाशी गेलं की पांढऱ्या जाळ्यांनी बांधलेले गठ्ठे निघतात. उन्हाळ्याच्या शेवटी ढीग संपत येतो तेव्हा नेमके हेच गठ्ठे जनावरापुढे पडतात.

मका बुलडाण्याकडे बराच होतो. कणसं शेतातच पाखरांनी आणि अळीने फोडलेली असतील तर बुरशी तिथूनच शिरते. सरकीची ढेप ओलसर खोलीत ठेवली की अफलाटॉक्सिनचं घर बनते, आणि दूध वाढावं म्हणून हल्ली गाढविणीलाही ती घालायला लागले आहेत. दालमिलमधली तुरीची चुनी दमट हवेत लवकर खराब होते. बाजार समितीच्या ओट्यावरची झाडण, हॉटेलातले शिळे पाव, लग्नातल्या उरलेल्या पोळ्या, हे सगळं भट्टीवरच्या गाढवांच्या वाट्याला येतं. पूर्व विदर्भात धानाची तनीस पावसात भिजून काळी पडते, तीही यातलीच.

दाणा स्वच्छ दिसतो, वास नाही. मग तर चालेल ना?

बहुतेक वेळा चालेल, पण खात्री देता येत नाही. बुरशी मरून गेली, झटकली गेली, तरी तिने सोडलेलं विष दाण्यात राहतं. उलट काही बुरशा दिसायला भयंकर असून विष करत नाहीत. मालकाला घरी ते ओळखायचं साधन नाही, म्हणून नियम सोपा ठेवा: दिसली, वास आला किंवा गठ्ठा लागला, की तो माल गाढवापुढे जाणार नाही. दिसली नाही तर माल कुठे आणि कसा साठवला होता ते विचारा.

विष दुधात खरंच उतरतं का?

उतरतं. जनावराने अफलाटॉक्सिन बी-1 खाल्लं की यकृत त्याचं रूप बदलतं आणि तयार होतं अफलाटॉक्सिन एम-1. तेच दुधातून बाहेर येतं. गाईंमध्ये खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 3 टक्के असं दुधात येतं, भरपूर दूध देणाऱ्या गाईत 6 टक्क्यांपर्यंत. खाल्ल्यापासून 12 ते 24 तासांत ते दुधात दिसायला लागतं. हे आकडे गाईचे आहेत, गाढविणीला जसेच्या तसे लावू नयेत, पण वाट तीच आहे.

फ्युमोनिसिन दुधात फारच थोडं येतं. ते गाढवालाच मारतं. अफलाटॉक्सिन मात्र गाढविणीला वरून धडधाकट ठेवूनही तिच्या दुधातून पुढे जाऊ शकतं, म्हणून दूध विकणाऱ्याने त्याचीच जास्त धास्ती घ्यावी. आणि ते दूध सगळ्यात आधी पितं तिचं स्वतःचं शिंगरू. शिंगरू वाढत नसेल, पोटाला लागत नसेल, तर आईच्या टोपल्यात काय पडतंय ते बघा.

दूध उकळलं तर विष जातं ना?

नाही. उकळून जात नाही, पाश्चरीकरणाने जात नाही, फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवून जात नाही. साय काढून टाकली तरी फरक पडत नाही, कारण एम-1 सायीत नसतं, दुधातल्या प्रथिनांशी चिकटून राहतं. दुधाची पावडर केली तर पाणी उडतं आणि विष मागे राहतं, म्हणजे ग्रॅममागे ते वाढतंच.

तरीही दूध उकळाच. कच्च्या दुधातले जंतू उकळल्याने मरतात आणि ते कारण पुरेसं आहे. फक्त उकळलं म्हणून चाऱ्याकडे दुर्लक्ष चालेल असं समजू नका.

किती प्रमाणापर्यंत चालतं?

भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधासाठी एम-1 ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे किलोभर दुधात एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. युरोपात हीच मर्यादा 0.05 आहे, आणि तान्ह्या बाळांच्या दुधासाठी तिथे 0.025. बाळासाठी एवढा कडक नियम का, ते पुढच्या उत्तरात आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्यामुळे मर्यादेच्या आत असलं तरी जितकं कमी तितकं बरं.

बाळाची छाती भरली की आमच्याकडे गाढविणीचं दूध पाजतात. पाजावं का?

ही रीत जुनी आहे आणि ज्या आजीने ती सांगितली तिने लेकराच्या मायेपोटीच सांगितली. गाढविणीचं दूध आईच्या दुधाच्या जवळचं आहे हेही खरं. त्यात साखर जास्त, स्निग्धांश कमी, केसीन नावाचं प्रथिन कमी आणि जंतूंना रोखणारं लायसोझाइम भरपूर असतं. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना युरोपात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देतात.

पण आपल्याकडे ते कसं मिळतं ते पाहा. रस्त्यावर गाढवीण उभी, तिथेच धार काढलेली, चमचा सगळ्यांना एकच. ती काल काय खाऊन आली, कुणालाच माहीत नाही. ते कच्चं दूध जातं तीन-चार किलोच्या जिवाच्या पोटात. मोठ्या माणसाला जे प्रमाण किरकोळ, ते एवढ्याशा देहाला किरकोळ नसतं, आणि बाळाचं यकृत अजून कच्चं असतं.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. वरचं कोणतंच नको, गाढविणीचंही नको. छाती घरघरते आहे, श्वास भराभर चालला आहे, बरगड्या आत ओढल्या जात आहेत, दूध ओढत नाही, असं असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्यावर औषध आहे आणि ते दवाखान्यात मिळतं. दूध विकणाऱ्याची वाट बघत गेलेली एक रात्र फार महाग पडू शकते. आशाताईंना हाक मारा, 108 ला फोन लावा, पण जा.

गाढवाला विषबाधा झाली हे ओळखायचं कसं?

गाढव दुखणं लपवतं. घोडा लोळतो, लाथा झाडतो. गाढव नुसतं उभं राहतं. म्हणून "जरा सुस्त आहे" हीच गाढवाच्या बाबतीत मोठी खूण.

अफलाटॉक्सिनची बाधा हळूहळू होते. खाणं कमी होतं, अंग उतरतं, केस राठ होतात, काम ओढवत नाही, दूध आटतं. खालची पापणी ओढून पाहा, हिरड्या पाहा. पिवळट झाक दिसली तर यकृताला इजा झाली आहे. नाकातून किंवा शेणातून रक्त आलं तर परिस्थिती गंभीर आहे.

फ्युमोनिसिनची बाधा वेगळी दिसते. काही आठवडे खराब मका खाऊनही जनावर ठीक असतं आणि मग एकाएकी बिघडतं. चालताना मागचे पाय लटपटतात, एका बाजूला गोल फिरतं, समोरचं दिसत नाही, ओठ लोंबतो, घास तोंडात तसाच राहतो, भिंतीला किंवा झाडाला डोकं टेकवून दाबत उभं राहतं. मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः विरघळलेला असतो. पुष्कळ वेळा काही तासांत ते दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. एकाच दावणीची दोन-तीन गाढवं एका आठवड्यात अशी झाली तर करणी-बाधा शोधत बसू नका, मक्याचं पोतं उघडा.

हे पिसाळल्याचं लक्षण नाही ना?

असू शकतं, आणि बाहेरून पाहून दोन्हींत फरक करणं अवघड आहे. लाळ गळते, गिळता येत नाही, चाल बिघडते, हे रेबीजमध्येही होतं. घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. लेकरांना लांब ठेवा. कुत्रं चावल्याचं कुणाला आठवतंय का विचारा. अशा गाढविणीचं दूध कुणीही प्यायचं नाही, आणि आधीच लाळ लागली असेल किंवा कच्चं दूध प्यायलं असेल तर लगेच माणसांच्या दवाखान्यात जाऊन सांगा. याखेरीज सर्रा (चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि धनुर्वातही विचारात घ्यावे लागतात. ते ठरवणं पशुवैद्यकाचं काम.

शंका आली तर लगेच काय करायचं?

संशयित चारा सगळ्याच जनावरांपुढून काढा, फक्त आजारी गाढवापुढून नाही. लगेच दुसरा स्वच्छ चारा ठेवा: सुका कडबा, हिरवं गवत, गव्हांडा. यात चूक करू नका. गाढव उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यानेच ते मरू शकतं. गाभण आणि दुभत्या गाढविणीला हा धोका सगळ्यात जास्त. पोटाला विश्रांती म्हणून उपास घालणं माणसाला चालत असेल, गाढवाला चालत नाही. खात नसेल तर हिरवं, थोडा गूळ, जे तोंडात घेईल ते द्या. पाणी समोर असू द्या, सावलीत बांधा, ओझं बंद.

1962 या क्रमांकावर फोन करा. फिरतं पशुवैद्यकीय पथक या क्रमांकावरून मिळतं. गाव, जनावर आणि "खात नाही, चाल बिघडली आहे" एवढं स्पष्ट सांगा. गाढव आहे म्हटल्यावर कुणी टाळाटाळ केली तर गप्प बसू नका, पुन्हा फोन करा. त्या गाढवावर एका घराची चूल पेटते.

यावर औषध आहे का? दुकानातलं टॉक्सिन बाइंडर घालू का?

उतारा नाही. पशुवैद्यक सलाइन, यकृताला आधार देणारी औषधं, जीवनसत्त्वं देतात, आणि यकृताची इजा थोडी असेल तर जनावर सावरतं. मेंदूची इजा झाल्यावर मात्र वाचण्याची आशा थोडी असते, आणि वाचलं तरी अधूपणा राहू शकतो.

बाइंडर म्हणून मिळणारी बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवते, फ्युमोनिसिनवर तिचा भरवसा नाही. पशुवैद्यकाने प्रमाण सांगितलं तर द्या. पण बाइंडर आहे म्हणून काळी ज्वारी घालायची, हा हिशेब तोट्याचा आहे.

खराब धान्य धुऊन, वाळवून किंवा चांगल्यात मिसळून देता येईल का? नाहीतर बकऱ्यांना, कोंबड्यांना?

धुतल्याने वरची बुरशी जाते, आत मुरलेलं विष राहतं. ऊन दिल्याने पुढची वाढ थांबते, झालेलं विष जात नाही. भाजून, शिजवूनही भरवसा नाही. मिसळलं की चांगलाही माल गेला. कोंबड्या आणि बदकं तर अफलाटॉक्सिनला फार लवकर बळी पडतात.

असा माल जनावरांच्या तोंडापासून लांब खड्ड्यात पुरा. हाताळताना नाका-तोंडावर ओला रुमाल बांधा. ती धूळ छातीत गेली की माणसालाही त्रास होतो आणि जनावरालाही. गाढव खोकत असेल तर त्याच्या कुटारातली धूळ हेही एक कारण असतं.

साठवण कशी करायची? आमच्याकडे गोदाम नाही.

गोदाम लागत नाही. गंजी जमिनीवर रचू नका. खाली दगड मांडा, त्यावर पऱ्हाटीचा थर द्या, म्हणजे खालून ओल चढणार नाही आणि हवा खेळेल. गंजीला उतार ठेवा, वर ताडपत्री टाका, पण चारही बाजूंनी गुंडाळून बांधू नका. आत घाम धरला की बुरशी तिथूनच सुरू होते. कडबा पुरता वाळल्याशिवाय रचायचा नाही. पेंढी पिळून पाहा, कांडं कडकन मोडलं पाहिजे.

दाणा दाताखाली टच् आवाज करून फुटला तर वाळला समजा. मोजायचं यंत्र मिळालं तर मका-ज्वारीत ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर ठेवा. ढेप आणि चुनी पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणा. स्वस्त मिळते म्हणून चार महिन्यांची भरू नका. जुनं आधी संपवा. आणि टोपलं रोज रिकामं करून घासा. तळाशी चिकटलेली ओली चुनी उन्हाळ्यात रात्रभरात आंबते.

फिरस्त्या कुटुंबांना यातलं बरंच शक्य नाही, हे कळतं. त्यांनी निदान भिजलेलं कुटार आणि मका, या दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. चराईवरचं गाढव बहुतेक वेळा टोपल्यातल्या गाढवापेक्षा सुरक्षित असतं.

बुरशी नव्हती, तरी गाढव लुळं पडलं. असं का?

भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे लाखोळीचं कुटार आणि दाणा जनावराला घालतात. लाखोळीत नसांवर परिणाम करणारा घटक असतो आणि घोड्याचं कूळ त्याला बळी पडतं. मागचे पाय लुळे पडतात. दुसरं कारण कोंबड्यांचं किंवा गाईंचं तयार खाद्य. त्यातल्या काहींत मोनेन्सिन असतं. कोंबडीला ते औषध, पण घोडा-गाढवाच्या हृदयाला जहर. पोल्ट्रीतलं उरलेलं पोतं फुकट मिळालं तरी घेऊ नका.

तपासणी कुठे आणि कशी करायची?

आधी तुमच्या पशुवैद्यकाशी बोला. त्यांच्यामार्फत नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था यांच्याकडे विचारणा करता येते. चाऱ्याचा नमुना एका जागचा नको. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एका मुठीत भरपूर आणि शेजारच्या मुठीत काहीच नाही असंही होतं. वरून, मधून, तळातून, दहा-बारा जागांहून थोडं थोडं घ्या, मिसळा आणि त्यातलं किलोभर कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये ओल धरून वाटेतच बुरशी वाढते. दूध स्वच्छ बाटलीत, बर्फात. गाढव मेलं असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा, यकृत आणि मेंदू पाहिल्याशिवाय कारण कळत नाही, आणि कारण कळलं नाही तर उरलेली गाढवंही त्याच पोत्यातलं खात राहतात.

चारा बदलला. दूध कधीपासून विकता येईल?

गाईंमध्ये खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत एम-1 बरंच खाली येतं. गाढविणीसाठी निदान आठवडाभर थांबा आणि जमल्यास दूध तपासून मगच विका. गाढवीण दिवसाला जेमतेम अर्धा ते दीड लिटर दूध देते, त्यातही शिंगराचा वाटा. आठवड्याचं नुकसान सोसणं सोपं नाही, पण ते दूध तान्ह्या लेकरांसाठी विकत घेतलं जातं.

आम्ही दूध घेणारे. विकणाऱ्याला काय विचारावं?

गाढवीण काय खाते, ते कुठे ठेवता, दाखवाल का. चांगला मालक टोपलं दाखवायला लाजत नाही. दूध समोर काढायला सांगा, आपलं भांडं न्या, घरी उकळा. शिंगरू बरोबर आहे का आणि ते कसं दिसतंय ते पाहा. गाढवीण हाडकुळी असेल, डोळे पिवळट असतील, तर पैसे देऊ नका, 1962 चा नंबर द्या.